मेडिकलचा पसंतीक्रम आणि मधलं वर्ष

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पालक-सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून दिलं आहे.)



काल रात्री गाणी, नकला आणि जुन्या भांडणांची उजळणी झाली. आज नाश्त्यानंतर एकदम ‘मेडिकलचा प्रवेश’ हा विषय ठेवला आहे. त्यामुळे मागच्या बाकावर बसलेल्यांना झोप आली तर मी मनावर घेणार नाही. शाळेतही घेत नव्हते.

संयोजकांनी मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, “अरे, मी कॉम्प्युटरवाली. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, त्यांना उभं करा.” उत्तर आलं, “त्यांचा नंबर लागला बारावीच्या ग्रुपच्या मार्कांवर. आताचा फॉर्म त्यांनी पाहिलेलाही नाही. तू दोनदा भरला आहेस.” हे खरं आहे. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं मी माझ्या भाचीबरोबर बसून हा फॉर्म भरला. आज मी जे सांगणार आहे ते तिच्या परवानगीने. तिची एकच अट होती: “मावशी, माझं नाव आणि माझे मार्क सोडून काहीही सांग.”

आपल्या ग्रुपवर नजर टाकली तर निम्म्यांची मुलं आठवी ते बारावीत आहेत. दर मे-जूनमध्ये तिथे तेच दोन प्रश्न येतात. पहिला, “एवढ्या रँकला कुठलं कॉलेज मिळेल?” दुसरा, “नाही मिळालं तर ड्रॉप घेऊ द्यायचा का?” आपण हे दोन प्रश्न वेगवेगळे धरतो. पहिला जूनमध्ये विचारतो, दुसरा ऑक्टोबरमध्ये, सगळ्या फेऱ्या संपल्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की हा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पसंतीक्रम भरण्याआधी, घरात, मुलासमोर, कागदावर लिहायला हवं. ते कसं, ते सांगते.

आधी आकडे, कारण त्याशिवाय घरातली चर्चा हवेत राहते. २०२५ च्या नीटला देशभरात सुमारे २२ लाख मुलं बसली. त्यांतली १२ लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरली. एम.बी.बी.एस.च्या जागा, शासकीय, खाजगी, अभिमत सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका जागेमागे दहा पात्र मुलं. “आमचा मुलगा नीट पास झाला” असं सांगणारे पेढे घेऊन येतात तेव्हा पेढा जरूर खा, पण पात्र होणं आणि नंबर लागणं यांत हे एवढं अंतर आहे.

दुसरं, मार्कांवर जाऊ नका, क्रमांकावर जा. २०२४ साली ७२० पैकी ७२० मिळवणारे एक-दोन नव्हते, पुष्कळ होते. २०२५ चा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ होते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी भाचीचे मार्क पहिल्या वर्षापेक्षा कमी आले. स्क्रीनवर ते दिसताच माझी बहीण उठून स्वयंपाकघरात निघून गेली. पोरगी ओरडून सांगतेय, “आई, रँक बघ, रँक!” रँक मात्र बरीच वर गेली होती. तेव्हा शेजारच्याच्या मुलाला गेल्या वर्षी किती मार्कांना कुठलं कॉलेज मिळालं, हा हिशोब यंदा उपयोगाचा नाही. किती क्रमांकाला आणि कुठल्या प्रवर्गात मिळालं, ते विचारा.

तिसरी गोष्ट आठवी-नववीतल्या मुलांच्या पालकांसाठी आहे, तेव्हा जरा कान देऊन ऐका. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीच्या समितीमार्फत भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के आपल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. या ८५ टक्क्यांसाठी अधिवास तर लागतोच, शिवाय काही ठरावीक अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. मुलाला कोट्याला पाठवायचं आणि सोयीसाठी बारावीलाही तिथल्याच शाळेत नाव घालायचं, असं काही घरांत होतं. क्लास कितीही चांगला असो, राज्यातल्या ८५ टक्के जागांचं दार अशाने आपल्याच हाताने लागू शकतं. पाठवायचंच असेल तर आधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. ती वाचायला क्लास लावावा लागत नाही.

आता पसंतीक्रमाकडे येते. इथे मात्र माझा धंदा उपयोगी पडला.

लोकांचा एक पक्का समज असतो: “आपली रँक एवढी मागे, मग वर के.ई.एम.चं नाव घालून एक नंबरची जागा वाया कशाला घालवायची? मिळेल तेच पहिलं लिहावं.” असं लिहू नका. आपल्या वेळच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या आठवा. एका हॉलमध्ये बसवत, गुणवत्ता यादीप्रमाणे नाव पुकारत. तुमचं नाव आलं की पुढे जायचं, उरलेल्या जागांचा तक्ता बघायचा आणि त्यातली सर्वांत आवडती जागा सांगायची. आजचं संगणकीय जागावाटप मुळात हेच आहे. फरक एवढाच की तुम्ही हॉलमध्ये हजर नसता, म्हणून तुमची आवडनिवड आधी लिहून घेतात. यंत्र यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतं. तुमची पाळी आली की तुमची पहिली पसंती बघतं. तिथे तुमच्या प्रवर्गाला जागा उरली असेल तर देतं, नसेल तर दुसरी बघतं, मग तिसरी. पहिल्या वीस पसंती भरलेल्या निघाल्या म्हणून एकविसाव्या ठिकाणचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुमच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने तेच कॉलेज पहिलं लिहिलं असलं, तरी आधी पाळी तुमचीच.

म्हणून अंदाज बांधून क्रम लावू नका. आवडीप्रमाणे लावा. “आता या क्षणी नाव पुकारलं आणि ही दोन्ही कॉलेजं मोकळी आहेत, तर मी कुठलं घेईन?” हा प्रश्न प्रत्येक जोडीला मुलाने स्वतःला विचारायचा. आम्ही कॉलेजांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून फरशीवर पसरली आणि दोन-दोन चिठ्ठ्या उचलून क्रम लावला. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. हजारो रुपये घेऊन यादी बनवून देणारे सल्लागार आता जागोजागी आहेत. त्यांच्याकडे जायचं तर जा, पण तुमच्या मुलीला रात्री अकराला रुग्णालयातून वसतिगृहात परत येताना कुठला रस्ता चालवेल, हे त्यांना कुठून कळणार?

पुढच्या फेऱ्यांचं एक पथ्य आहे. पहिल्या फेरीत जागा मिळाली आणि तुम्ही ती धरून दुसऱ्या फेरीत उतरलात, तर दुसरी जागा मिळताच पहिली आपोआप जाते. “बघू तरी काय मिळतं” म्हणून त्यात उतरू नका. हातातल्या जागेपेक्षा जी कॉलेजं खरोखर जास्त हवी आहेत, तेवढीच पुढच्या यादीत लिहा. आहे त्यात समाधान असेल तर राज्याच्या प्रक्रियेत जागा कायम ठेवण्याचा फॉर्म असतो, तो भरून मोकळे व्हा. शेवटच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर अनामत रक्कम जाते आणि त्याहून कडक नियमही लागू शकतात. अभिमत विद्यापीठांसाठी केंद्राच्या फेरीत ही अनामत २ लाख रुपये आहे. तिथे गंमत म्हणून नाव नोंदवण्यासारखं काही नाही.

आता क्रम लावायचा कशावर? नावावर लावणं सोपं आहे. ग्रँट मेडिकल १८४५ चं, सेठ जी. एस. १९२६ चं, पुण्याचं बी. जे. १९४६ चं, ही नावं यादीत वर असतात आणि त्याला कारणंही आहेत. पण बहुतेक मुलांचा खरा प्रश्न या नावांच्या बराच खाली सुरू होतो. एका नव्या शासकीय महाविद्यालयात जायचं, की घराजवळच्या खाजगीत? गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, जालना अशी दहा शासकीय महाविद्यालयं २०२४ मध्ये राज्यात एकदम सुरू झाली. त्याआधी नंदुरबार, सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, परभणी झाली होती. आपल्या काळी ही नावं मेडिकलच्या यादीत नव्हती.

आम्ही तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, पैसे. शासकीय महाविद्यालयात खुल्या प्रवर्गाचं वर्षाचं शुल्क साधारण लाख-दीड लाखाच्या घरात. खाजगीत त्याच्या कित्येक पट, आणि प्रत्येक कॉलेजचं वेगळं. अभिमत विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी वर्षाला २० लाखांच्या वर. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. शिवाय वसतिगृह आणि मेस. २०२४ पासून राज्यात आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शुल्कमाफीची योजना आहे. तुम्हाला ती लागू होते का ते बघा. माझ्या मेव्हण्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पहिल्या वर्षी ते म्हणाले, “गावाकडची दोन एकर काढू, पण पोरीला या वर्षीच घालू.” त्यावर भाची जे बोलली ते मला आजही आठवतं. ती म्हणाली, “बाबा, जमीन विकून घातलंत तर मला नापास व्हायचीही भीती आणि सोडायचीही भीती. मी शिकणार कधी?” अठरा वर्षांची मुलगी! तेव्हापासून मी तिला फॉर्म भरायला ‘मदत’ करणं सोडलं आणि नुसती शेजारी बसले.

दुसरी गोष्ट, पेशंट. डॉक्टर पेशंट बघून होतो. नियमाप्रमाणे १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. कागदावर त्या असतातच. प्रत्यक्षात काय आहे हे बघायला कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिथे जा आणि केसपेपरच्या खिडकीपुढची रांग बघा. बाळंतपणाचा वॉर्ड भरलेला आहे का, अपघात विभागात रात्री कोण असतं, हे तिथल्या इंटर्नला कॅन्टीनच्या चहावर विचारा, तो खरं सांगेल. नव्या शासकीय महाविद्यालयांना बहुधा जुनं जिल्हा रुग्णालय जोडलेलं असतं. तिथे रुग्णांना तोटा नसतो, पण शिक्षकांची पदं रिकामी असू शकतात आणि वसतिगृहाचं बांधकामही चालू असू शकतं. उलटही पाहायला मिळतं: संगमरवरी इमारत आणि रिकामी ओपीडी. हे आपण डोळ्यांनी बघून ठरवायचं. पदवीची काळजी करू नका. राज्यातल्या शासकीय आणि अभिमत नसलेल्या खाजगी महाविद्यालयांची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असते.

तिसरी गोष्ट, अटी. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यावर एक वर्षाची सेवा करावी लागते, ती गृहीत धरा. पुण्याच्या ए.एफ.एम.सी.ला जायचं तर पुढे सैन्यदलातली नोकरी बांधलेली आहे. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात खादी आणि आश्रमातलं शिबिर हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. कुणाला याचं ओझं वाटेल, कुणाला नेमकं हेच हवं असेल. म्हणून क्रम मुलाने लावायचा असतो.

आणि आता मुख्य मुद्दा. यादी कुठे थांबवायची?

भाचीच्या चिठ्ठ्या फरशीवर लागल्या तेव्हा मी तिला एक कोरी चिठ्ठी दिली आणि त्यावर ‘पुन्हा एक वर्ष’ असं लिहायला सांगितलं. म्हटलं, “हीसुद्धा एक पसंतीच आहे. हिला तिच्या जागी ठेव.” तिने ती हातात धरून एकेक कॉलेजशी ताडून पाहिली. राज्यातल्या कुठल्याही शासकीय कॉलेजपेक्षा पुन्हा एक वर्ष बरं? नाही. दूर असलं तरी जाईन. कमी शुल्काच्या या दोन खाजगी कॉलेजांपेक्षा? नाही. जमीन विकावी लागेल अशा कॉलेजांपेक्षा? हो. चिठ्ठी तिथे बसली. तिच्यावरची सगळी नावं फॉर्ममध्ये गेली, खालचं एकही गेलं नाही.

हे एवढंसं दिसतं, पण त्याने दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे कुठलीही जागा लागली असती तरी ती तिला हवीच असती. फेरीचा निकाल लागल्यावर रात्री बारा वाजता “घ्यायची की नाही” अशी रडारड आमच्याकडे झाली नाही, कारण ती जुलैतच होऊन गेली होती. दुसरी म्हणजे काहीच लागलं नाही, तेव्हा पुन्हा परीक्षा देणं ही तिला शिक्षा वाटली नाही. ते तिने स्वतः ठरवलेल्या यादीतलं पुढचं नाव होतं. फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत लांबतात आणि पुढची परीक्षा मेमध्ये असते. ऑक्टोबरमध्ये ठरवणाऱ्या मुलाचे चार महिने वाट बघण्यातच जातात. तिने मात्र पहिल्या फेरीच्या वेळीच पुस्तकं उघडली होती.

याउलट, माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा तीनदा बसला. हुशार, शांत मुलगा. पहिला ड्रॉप घेतला कारण मित्रांनी घेतला. दुसरा, कारण “थोडक्यात गेलं.” तिसरा, कारण “एवढं केलंच आहे तर.” कुठल्याही वर्षी घरात कुणी रेघ ओढली नाही. वयाची वरची मर्यादा आता नाही, किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही. म्हणजे थांब म्हणून सांगणारं बाहेर कुणीच उरलेलं नाही, ते आपणच सांगायचं असतं. तो आता सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करतो आहे आणि रमला आहे. पण त्याच्या वडिलांनी मला विचारलं, “हे त्याला पहिल्याच वर्षी आवडलं नसतं कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलींच्या बाबतीत ती रेघ दुसरंच कुणीतरी ओढतं, हेही इथे बोलायला हवं. मुलाने ड्रॉप घेतला तर तो जिद्दी. मुलीने घेतला तर “वर्ष वाया कशाला, मिळेल ते घे आणि मोकळी हो.” आमच्याकडेही एका लग्नात हे ऐकवून झालं. बी.डी.एस., बी.ए.एम.एस. किंवा फिजिओथेरपीला मी जराही कमी लेखत नाही. आवडीने गेलेल्या मुली उत्तम काम करत आहेत. पण ती चिठ्ठी तिच्या हातून तिच्या जागी पडलेली असावी. मामा-काकांनी खिशातून काढलेली नसावी.

आता ते वर्ष कसं काढायचं, हे थोडक्यात सांगते. क्लास, टेस्ट सिरीज, लातूर की घर, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी तीनच गोष्टी सांगेन.

पहिली, आधीच्या प्रयत्नाची नीट तपासणी करा. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४, चुकीला वजा १. चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं: येतच नव्हता, येत होता पण चुकला, की वेळच पुरला नाही. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बिघाडांची नोंद ठेवतो तशीच ही वही. येतच नव्हते असे प्रश्न जास्त असतील तर वर्षभर शिकायचं आहे. येत असून चुकणारे जास्त असतील तर तोच क्लास पुन्हा पहिल्या धड्यापासून करण्यात अर्थ नाही. तिथे सराव आणि झोप दोन्ही वाढवायला हवीत. भाचीचे निम्म्याहून जास्त गेलेले मार्क दुसऱ्या प्रकारचे निघाले.

दुसरी, कागदपत्रं. जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, यांना महिने लागतात. मध्ये वर्ष गेलं असेल तर काही ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्रही मागतात. ही कामं पालकांची आहेत. मुलाला तहसीलच्या रांगेत उभं करू नका.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी, म्हणजे एकटेपण. बरोबरीची मुलं कॉलेजात जाऊन फोटो टाकत असतात आणि हे मूल त्याच खोलीत, त्याच टेबलावर. अशा मुलांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. मूल गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, “माझ्यामुळे तुमचे पैसे गेले” असं बोलायला लागलं, तर टेस्टचे मार्क बाजूला ठेवून त्याच्याशी बोला. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. हा क्रमांक आत्ता फोनमध्ये घालून ठेवा. मी थांबते अर्धा मिनिट.

ग्रुपवर आपल्या अमेरिकेतल्या मैत्रिणीने विचारलं होतं, “तुमचा ड्रॉप म्हणजे आमच्याकडचं गॅप इयरच ना?” नाव सारखं वाटलं तरी गोष्ट वेगळी आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट परीक्षा, मग वैद्यकीय शाळांना अर्ज. प्रवेश पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतरचा असला तर अर्ज आदल्या वर्षीच्या मे-जूनपासून जातात. म्हणजे पदवीचं शेवटचं वर्ष संपवून अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला मधलं वर्ष आपसूकच येतं. त्या वर्षात मुलं डॉक्टरांच्या टिपणं घेण्याचं काम करतात, प्रयोगशाळेत राबतात, रुग्णवाहिकेवर जातात. आणि अर्जात तेच विचारलेलं असतं: काय केलंत, काय पाहिलंत? आपल्याकडच्या फॉर्मला फक्त क्रमांक हवा असतो. मूल एकदाही रुग्णालयाच्या आत न जाता डॉक्टर व्हायला निघतं आणि पहिल्यांदा रक्त बघतं ते प्रवेश झाल्यावर.

तेवढी एक गोष्ट आम्ही उसनी घेतली. भाची त्या वर्षी दर रविवारी सकाळी दोन तास आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायची. केसपेपर काढून द्यायचे, म्हाताऱ्यांना हात धरून आत न्यायचं, बाहेरच्या बाकावर लोक काय बोलतात ते ऐकायचं. त्याने मार्क वाढले का, हे मला ठाऊक नाही. पण फेब्रुवारीत एकदा ती फार खचली होती, तेव्हा म्हणाली, “नंबर नाही लागला तरी मला या बाकाच्या जवळपासच काम करायचं आहे.” दुसऱ्या वर्षीच्या यादीत म्हणूनच ‘पुन्हा एक वर्ष’ ही चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी फिजिओथेरपी होती. ती पाळी आली नाही. दुसऱ्या फेरीत तिला एका नव्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली, घरापासून रात्रभराच्या एस.टी.वर. वसतिगृहात पाणी दिवसाआड येतं आणि वॉर्ड मात्र भरलेला असतो, असं ती सांगते.

शेवटी, इथे जमलेल्या सगळ्यांकडे एकेक मागणं आहे.

आपल्या बॅचच्या डॉक्टरांनो, तुमच्या दवाखान्याचा एक बाक शाळेतल्या मुलांसाठी मोकळा ठेवा. नववी-दहावीतल्या ज्या मुला-मुलींना मेडिकलला जायचं आहे, त्यांना सुट्टीत चार दिवस बसू द्या. चौघांपैकी एकाला जरी कळलं की हे आपलं काम नव्हे, तरी तुम्ही त्याची दोन वर्षं वाचवलीत.

बाई आणि सर, तुमच्यापुढे ही मुलं आमच्याआधी उघडी होतात. ‘हुशार म्हणजे मेडिकल’ हे समीकरण तुमच्या तोंडून मोडलं तर ते खरंच मोडेल. आमच्यापैकी कुणीही अजून तुमच्या शब्दाबाहेर नाही.

आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, घरी गेल्यावर चिठ्ठ्यांसाठी एक जुनी वही फाडा. नावं मुलाला लिहू द्या. ‘पुन्हा एक वर्ष’ ही चिठ्ठीही त्यालाच ठेवू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि मधूनमधून चहा करा.

दुपारच्या जेवणानंतर ज्यांना फॉर्म प्रत्यक्ष बघायचा आहे त्यांच्यासाठी मी सातवी ‘ब’च्या वर्गात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. मुलांना घेऊन या. नुसते पालक आलात तर परत पाठवीन.